दाजी सॉफ्टवेअर निवडतात

दाजींनी उभ्या आयुष्यात एक वेबसाइट धड केली नाही, पण वेबसाइट कशात करावी यावर त्यांच्याइतकं बोललेला माणूस आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. हे मी रागानं बोलते असं कुणाला वाटेल. बरोबर वाटेल, रागानंच बोलते.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत ऑफिस बघते. फोन उचलायचा, मेल बघायचे, माल कधी निघाला ते सांगायचं, आल्यागेल्याला पाणी विचारायचं. मालक तात्या. माणूस सरळ, हातानं काम केलेला. अजूनही सकाळी आल्या आल्या साच्याची वाळू मुठीत दाबून बघतात, मगच ऑफिसात येतात. दाजी म्हणजे तात्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नाव धनपाल, राहायला जयसिंगपूरला. तात्यांचे दाजी म्हणून ऑफिसचे दाजी, ऑफिसचे दाजी म्हणून शॉपवरच्या सगळ्या कामगारांचे दाजी. गेटवरचा वॉचमनसुद्धा त्यांना दाजी म्हणूनच सलाम ठोकायचा. एवढे मेव्हणे असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

घरचा जावई म्हटलं की त्यात सगळं आलं. आमच्याकडं जावयाला नको म्हणायची सोय नाही. तात्या कामगारांवर ओरडतील, बँकेच्या साहेबाला तोंडावर सुनावतील, पण दाजी दारात दिसले की खुर्चीतून उठायचे. दाजी त्या खुर्चीत बसायचे आणि तात्या माझ्या टेबलासमोर, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. एकदा न राहवून मी म्हटलं, तात्या, हे असं किती दिवस चालायचं? तर म्हणाले, बहिणीला नांदायचं असतं शोभा. बहिणीची नातवंडं शाळेत जातात. तरी ती बिचारी अजून नांदतेच आहे.

हे वेबसाइटचं भूत कुठून आलं ते सांगते. आमच्याकडं दोन भट्ट्या. त्यातली धाकटी बंद होऊन वर्ष होत आलं होतं. बिघडली नव्हती, तिला पुरेल एवढं कामच नव्हतं. तिच्यावर कामाला असलेला मारुती, शाहूवाडीकडचा, घरी बसला होता. त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालचे चार-सहा जणही. मारुती गेला तेव्हा भट्टीतला रस बघायचा निळ्या काचेचा चष्मा माझ्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवून गेला. मी म्हटलं, घेऊन जा की. तर म्हणाला, "येणारच हाय की ताई, ऱ्हाऊ द्या तितंच." मी तिथंच ठेवला. आठवड्यातनं एकदा त्यावरची धूळ पुसायची.

मग एका प्रदर्शनात पुण्याच्या पंपाच्या कंपनीतल्या खरेदीच्या बाई तात्यांना भेटल्या. आमचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, त्यांनी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं, त्यांना पसंत पडलं. म्हणाल्या, तुमची वेबसाइट मला पाठवा, मी साहेबांना दाखवते, त्यांनी हो म्हटलं की आमची माणसं फाउंड्री बघायला येतील. तात्या म्हणाले, होतेय की, लवकरच होतेय. ते काम मिळालं तर धाकटी भट्टी पेटणार होती. तात्यांनी परत येताना गाडीतूनच मारुतीला फोन केला, वेबसाइट झाली की तुला बोलावतो म्हणून. मारुतीला वेबसाइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो तिला 'ते' म्हणायचा. दर आठवड्याला माझ्याकडं त्याचा फोन यायचा, "ताई, झालं का ते?"

दोन चांगले फोटो, कोणती कास्टिंग करतो त्याची माहिती, पत्ता, फोन नंबर. एवढंच तर हवं होतं. आमच्या गल्लीतला फलक छापणारासुद्धा आठवडाभरात करून देतो म्हणाला होता. मी तात्यांना सांगितलं. तात्यांनी मान खाली घातली. म्हणाले, दाजींना विचारल्याशिवाय नको, त्यांनी पुण्याला त्याचा कोर्स केलाय, त्यांना वाईट वाटेल. दाजींनी कोर्स केला हे खरं. पण कधी? लोक कॉम्प्युटरवर फुलाफुलाचं कापड झाकून ठेवायचे आणि चपला बाहेर काढून आत जायचे त्या काळात.

झालं, दाजी यायला लागले.

त्यांचं येणं हा एक सोहळाच असायचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला बॅग. बॅगेत लॅपटॉप, तोही टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल उलगडायचा, त्याच टॉवेलानं पडदा पुसायचा, टॉवेलाची घडी घालायची, मग वायफायचा पासवर्ड विचारायचा. पासवर्ड दर वेळी तोच, त्यांच्या सासूबाईंचं नाव. दर वेळी विचारायचे आणि दर वेळी म्हणायचे, "आसं व्हय." चहा बिनसाखरेचा. त्याच्याबरोबर लाडू मात्र चालायचा. चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवायचे, त्यात माझं काही म्हणणं नाही, तात्याही तसेच जेवतात. पण तात्या जेवून परत कामाला येतात. दाजी बाराही महिने चार वाजले की लॅपटॉप टॉवेलात गुंडाळायला लागायचे, चातुर्मास असो नाहीतर शिमगा.

बोलणं ठरलेलं. तुम्ही काहीही म्हणा, आधी "तसं नसतंय ओ ते." मग डोळे मिटून, "पाया बघाय लागतो, पाया." हा कुठला पाया ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. फाउंड्रीतल्या माणसांना पाया शिकवायला जयसिंगपूरहून माणूस यावा लागला, हे आमचं नशीब.

त्यांच्या सॉफ्टवेअरांची नावं मला तेव्हाही धड म्हणता यायची नाहीत, म्हणून मी माझीच नावं ठेवली होती. एक सीडीवालं. ते दाजी कोर्समध्ये शिकले होते, त्यात सगळं हातानं लिहावं लागायचं. ते त्यांनी खोक्यासकट आणलं होतं आणि आमच्या एकाही कॉम्प्युटरला सीडी घालायची खाचच नव्हती. दुसरं फुकटवालं. ते फुकट मिळायचं, पण जागा आपली आपण बघायची, डागडुजी आपली आपण करायची. तिसरं भाडेवालं. महिन्याला भाडं द्यायचं आणि तयार नमुन्यातला एक उचलून त्यात आपले फोटो बसवायचे, बोटानं उचलून इकडचं तिकडं ठेवायचं. मला त्यातलं काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं की आमच्यासारख्यांना हे तिसरं बरं. मी तसं म्हटलंही. दाजी हसले. "सोपं हाय ओ ते. सोपं आपल्याला नको." जे सोपं आहे ते आपल्याला का नको, असं विचारलं तर पुन्हा पाया आला.

तुलना करायला त्यांना फळा लागायचा. आमच्या शॉपच्या दाराशी एक पांढरा फळा आहे, त्यावर आज कुठला साचा, कुणाचा माल, किती नग हे सगळं लिहिलेलं असतं. एका सकाळी आम्ही बघतो तर सगळं पुसून दाजींनी त्यावर तक्ता आखलेला. वरती तिन्ही सॉफ्टवेअरं, बाजूला पाया, सजावट, वजन, भविष्य. वजन म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी इचलकरंजीचा माल सांगलीच्या गाडीत चढला आणि सांगलीचा कुठंच चढला नाही. सुपरवायझर लालबुंद होऊन ऑफिसात आला, खुर्चीत दाजींना बघितलं आणि "काय दाजी, बरं हाय न्हवं?" असं विचारून परत गेला. मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. तक्ता फळ्यावर पंधरा दिवस राहिला, कारण तो पुसायची कुणाची छाती झाली नाही.

मग हिराक्कांचं प्रकरण. हिराक्का म्हणजे तात्यांच्या आई, दाजींच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं. असली भाडेवाली सॉफ्टवेअरं थोडे दिवस फुकट वापरून बघायला देतात. मुदत संपली की एकतर विकत घ्या नाहीतर सोडा. दाजी दोन्ही करायचे नाहीत. ते दुसऱ्या नावानं परत सुरुवात करायचे. आधी स्वतःच्या नावानं, मग तात्यांच्या, मग बायकोच्या, मग वॉचमनच्या आणि शेवटी हिराक्कांच्या. नवीन नावाला नवीन मेल लागतो, ते मेल माझ्याकडून काढून घ्यायचे, म्हणून ती सगळी पत्रं माझ्याच कॉम्प्युटरवर यायची. हिराक्का, तुमची साइट अपुरी राहिली आहे. हिराक्का, आम्हाला तुमची आठवण येते. पाडव्याला हिराक्का पूजेला ऑफिसात आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, आक्का, परदेशातनं कुणीतरी सारखी तुमची आठवण काढतंय. म्हातारी म्हणाली, "आलं तर बसवून घे. तसंच लावून देऊ नको."

आणि एवढ्या नावांनी एवढ्या मुदती वापरून दाजींनी केलं काय? दर वेळी एकच पान. स्वतःचं. श्री. धनपाल, त्याखाली त्यांचा फोटो, त्याखाली त्यांचं शिक्षण. फाउंड्री त्यात नाही, भट्टी नाही, फोन नंबरही त्यांचाच. चाचणी म्हणून, असं म्हणायचे.

पुण्याच्या बाईंचा मध्ये दोनदा फोन येऊन गेला. चांगली बाई, आवाज कधी चढवायची नाही. मी दोन्ही वेळा होतंय होतंय म्हणून वेळ मारून नेली. पलीकडून मारुती विचारायचा, अलीकडून बाई विचारायच्या, आणि मध्ये मी, समोर दाजी लाडू खात बसलेले. संक्रांत झाली, शिमगा झाला. एक दिवस माझा तोल गेला. मी विचारलं, "दाजी, एवढी सॉफ्टवेअरं बघितली, त्यातलं एक घेऊन कामाला लागायचं की नाही?"

त्यांना राग आला नाही. राग यायला माणसाला आपलं काही चुकत असेल अशी निदान शंका तरी यावी लागते. ते म्हणाले, "शोभाताई, सोयरीक करताना माणूस चार पोरी बघतंय, का पयलीच घरात आणतंय?"

मी म्हटलं, "बघायला जाऊन पोहे खायचीच चटक लागली, तर पोरीच्या बापानं काय करायचं दाजी?"

तात्यांना मोठा खोकला आला. खोकता खोकता त्यांनी मला चहा सांगायला बाहेर पाठवलं. मी गेले, पण दाराबाहेर उभी राहिले. आत दाजी म्हणत होते, बाईमाणूस हाय, तिला पायातलं काय कळतंय, जाऊ द्या.

मध्येच एक चौथंही आलं होतं. त्याला फक्त सांगायचं, आमची अशी अशी फाउंड्री आहे, की ते बसल्या जागी सगळी साइट लिहून सजवून समोर ठेवायचं. दाजींनी सांगितलं, त्यानं ठेवली. मी वाकून बघितली. अगदी झक्कास नव्हती, पण पुण्याला पाठवण्याजोगी नक्की होती. दाजींचं तोंड उतरलं. दोन वेळा टॉवेलानं पडदा पुसला. मग म्हणाले, "एवढ्यात झाली म्हणजे कायतरी चुकलंय," आणि बंद करून टाकली. त्या दिवशी मला त्या माणसाचा सगळा हिशेब कळला. त्याला वेबसाइट नकोच होती, त्याला निवड करायची होती. काम संपलं तर ती खुर्ची सुटणार, मेव्हण्याचं उठून उभं राहणं सुटणार, जयसिंगपूरला परत जाऊन कोण विचारतंय त्याला?

शेवटी अक्षयतृतीयेला उद्घाटन करायचंच असं तात्यांनी हात जोडून सांगितलं. हात जोडून! मालकानं! तेव्हा कुठं दाजी भाडेवाल्यावर राजी झाले. मी त्याच दिवशी मारुतीला फोनवर म्हटलं, होतंय बघ आता.

पण मग फोटो आले. आमच्या कोल्हापुरात चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागतात, तुम्ही बघितलेच असतील. वरती थोरांचे फोटो, मध्ये ज्याचा वाढदिवस तो, आजूबाजूला सगळं गणगोत, आणि कुणाचा फोटो राहिला की तिथून पुढं बोलणं बंद. दाजींनी वेबसाइटही त्याच चालीवर नेली. पहिल्याच पानावर तात्यांचे कैलासवासी वडील, मग हिराक्का, मग थोरले बंधू आण्णा, मग तात्या, मग दाजी, मग दोन्हीकडची मुलं, सुना, जावई, आण्णांचे व्याही. फोटोग्राफर बोलावला. लोक कोट घालून आले. उन्हाळ्याचे दिवस, भट्टीची झळ, आणि ही माणसं फाउंड्रीच्या दारात कोट घालून घाम पुसत रांगेत उभी. ज्या कामासाठी हे सगळं चाललं होतं ते आत वाळूत चाललं होतं, तिकडं कुणी फिरकलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, भट्टीचा एक तरी घ्या. फोटोग्राफर पेटलेल्या भट्टीकडं निघाला, तर दाजींनी अडवलं. तिथं काळं असतंय, धूर असतोय, फोटोत वाईट दिसतंय. मग त्यांनी बंद पडलेली धाकटी भट्टी पुसून घेतली, तिच्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, आणि तिचा फोटो घेतला. भट्टीचा फोटो हवा आणि आग नको, ही अक्कल दाजींनाच सुचू शकते.

कॉम्प्युटरवर हे सगळे चेहरे एका ओळीत शेजारी शेजारी बसले. सगळ्यांना आवडलं. पण हातकणंगल्याला आण्णांनी ते आपल्या मोबाइलवर उघडलं. मोबाइलचा पडदा अरुंद, तिथं भाडेवालं शेजारचे फोटो एकाखाली एक लावतं. कसे कोण जाणे, दाजी वर गेले आणि आण्णा त्यांच्या खाली. थोरला भाऊ घरच्या जावयाच्या खाली. आण्णांनी तात्यांना फोन केला, तात्यांनी दाजींना केला, दाजींनी आण्णांना वर घेतलं, तर त्यांचे व्याही सुनेच्या खाली गेले. व्याह्यांना वर घेतलं तर हिराक्का खाली आल्या. हातकणंगल्याला आण्णांच्या घरी, पुढच्या सोप्यात बैठक बसली. मलाही नेलं होतं, मोबाइल धरायला. मोठमोठी माणसं, पिकल्या मिशांची, एका फोनभोवती डोकी घालून कोण कुणाच्या वर हे बघत होती. पुण्याची बाई, मारुती, भट्टी यातला एक शब्द कुणी काढला नाही. तात्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

आण्णा शेवटी म्हणाले, "आमी मरेपर्यंत कुणाच्या खाली बसलेलो न्हाय. मोबाइलात कशाला बसू?"

आणि इथं दाजींनी आयुष्यातली एकमेव निवड केली. महिने न् महिने पाया, वजन, भविष्य बघितलं आणि शेवटी सॉफ्टवेअर निवडलं ते कशावर? बघितलेल्यातल्या एकात फोटो फिरायचे. एक चेहरा यायचा, पडदाभर व्हायचा, थोडा वेळ थांबायचा, सरकून जायचा, मग दुसरा. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. सगळ्यांचा मान सारखा. आण्णांनी मान डोलावली, सोप्यात सगळ्यांना पेढे वाटले. मी हळूच विचारलं की भट्टी कधी येणार. दाजी म्हणाले, "आदी माणसं, मग मशीन." म्हणजे सगळं खानदान फिरून झाल्यावर, व्याह्यांच्याही मागून. कामगारांचं काय म्हटलं तर तेही आहेत म्हणाले. बघितलं तर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, फलकावर असतं तसंच लिहिलेलं, शुभेच्छुक समस्त कामगार वर्ग.

अक्षयतृतीयेला ऑफिसात नारळ फुटला. हिराक्कांच्या हातानं बटण दाबलं. दाजींना फेटा बांधला, शाल दिली. मी पुण्याला साइटचा पत्ता पाठवला.

आठवड्यानं बाईंचा फोन आला. नेहमीसारख्याच शांत होत्या. विचारलं, "ही तुमचीच साइट ना? मी साहेबांना मीटिंगमध्ये मोबाइलवर दाखवत होते. मला फाउंड्री सापडली नाही."

मी म्हटलं, "बाई, थोडं थांबायला लागतं. फिरत फिरत शेवटी येते ती."

"मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "साहेब थांबले नाहीत."

काम आमच्या समोरच्या फाउंड्रीला गेलं. रस्त्यापलीकडं त्यांचं गेट आहे, माझ्या खिडकीतून दिसतं. त्यांची साइट मी मुद्दाम उघडून बघितली. भाडेवाल्यावरच केलेली, तयार नमुना, रंगही बदललेला नाही. पहिल्याच पानावर पेटलेली भट्टी, काळीकुट्ट, आणि तिच्याखाली फोन नंबर. मालकाचा फोटो कुठंच नव्हता. तात्यांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि फोन मला परत दिला. त्या दिवशीही दाजींबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मला तात्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. एवढा लोखंडाचा रस करणारा माणूस आणि एका जावयापुढं मेणासारखा.

मारुतीला कुणी सांगायचं? तात्यांनी ते माझ्यावर टाकलं. मी फोन लावला, म्हटलं, ते झालं, पण काम नाही आलं. तो म्हणाला, बरं, भाताच्या रोपाचं तरवं टाकायचंय, ते उरकतो. त्यानंतर त्याचा दर आठवड्याचा फोन बंद झाला. तो फोन यायचा तेव्हा मला जीव नकोसा व्हायचा. यायचा बंद झाल्यावर त्याहून वाईट वाटायला लागलं.

दाजींना काय वाटलं? काही नाही. काम गेलं हे त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, पुण्याच्या लोकांना धीर न्हाय. येणं चालूच होतं. आता नवीन निवड सुरू झाली होती, याच्यापेक्षा गोल फिरणारं दुसरं काही मिळतंय का याची.

रोपलावण झाल्यावर मारुती आला. पाऊस जरा उघडला होता. दारातच चपला काढल्या, पायाला अजून चिखल होता. तात्या बँकेत गेले होते. खुर्चीत दाजी, समोर टॉवेल, लॅपटॉप, लाडवाची बशी. मारुतीनं वर्षानुवर्षं त्या आवारात भट्टी पेटवली, दाजी गेलं आख्खं वर्ष त्याच्याच नावावर आमच्याकडं चहा पीत होते, आणि त्यांनी त्याला आपादमस्तक बघून विचारलं, "या पावणं. कुठनं आलासा?"

"शाहूवाडीस्नं," मारुती म्हणाला. आपण कोण ते त्यानं सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, राहू द्या म्हणून.

तो चष्मा न्यायला आला होता. मी खिळ्यावरून काढून पुसून त्याच्या हातात दिला. म्हटलं, कुठं लागलं का काम? म्हणाला, न्हाय, पण हितं कशाला धूळ खात ठेवायचा.

पाहुणा मिळाला म्हटल्यावर दाजींना कुठला धीर. त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. बघा पावणं, म्हणाले, हे मी केलंय, असं फिरतं तुम्हाला जिल्ह्यात बघाय मिळायचं न्हाय. मारुती चष्मा हातात धरून उभा राहिला. बस म्हणायचं दाजींना सुचलं नाही, आणि मी खुर्ची पुढं केली तर तो बसला नाही. कैलासवासी आले आणि गेले. हिराक्का आल्या, आण्णा आले, तात्या आले. प्रत्येक वेळी दाजी नातं सांगत होते. मारुती प्रत्येक चेहऱ्याला मान लववत होता, तात्यांना जरा जास्त. पुण्याचे साहेब थांबले नव्हते. मारुती मात्र शेवटपर्यंत थांबला, आण्णांच्या व्याह्यांपर्यंत. मला वाटत होतं ती बशी उचलून त्या पडद्यावर हाणावी.

मग भट्टी आली. हार घातलेली, स्वस्तिक काढलेली, गार.

मारुती एक पाऊल पुढं झाला. म्हणाला, "ही माझी भट्टी."

दाजींनी ऐकलं नाही, ते लाडू घेत होते. तेवढ्यात फोटो सरकला आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मारुती पडद्याकडं बघतच राहिला, ती परत येईल म्हणून. कैलासवासी, हिराक्का, आण्णा, तात्या, आणि मग पडदाभर दाजी, दोन पेनं लावून हसणारे.

"बघितलं न्हवं?" खुर्चीतले दाजी तोंडातला लाडू सावरत म्हणाले. "थांबलं की सगळं दिसतंय."